रिकामं शिवार

फोटो काढायला येणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आता काडीचा आदर उरलेला नाही. पावसाळा लागला की दर रविवारी बेळगावहून जांबोटीच्या रस्त्याला त्यांच्या गाड्यांची रांग लागते. अंगात खिसेच खिसे असलेली जाकिटं, गळ्यात कळशीएवढी लेन्स. एसी लावलेल्या गाडीतून थेट दमट हवेत उतरायचं, मग लेन्सवर वाफ धरणारच. ती न पुसता ‘धुकं काय मस्त उतरलंय’ म्हणत त्या वाफेचेच फोटो काढत बसायचं. जंगल लागायच्या आधी गाडीच्या काचा खाली केल्या आणि कॅमेरा थोडा वेळ बाहेरच्या हवेत ठेवला तर हे होत नाही. पण त्यासाठी चार थेंब अंगावर घ्यावे लागतात, आणि तेवढी तयारी यांच्यातल्या कुणाचीच नसते.

मी बेळगावात शाळेत शिकवते. माहेर जांबोटीच्या पुढचं, डोंगरातलं, भाताचं. फोटो मीही काढते, म्हणून गेल्या पावसाळ्यात एका नावाजलेल्या सरांच्या शिबिरात नाव घातलं. सरांनी पहिल्याच दिवशी पिशवीतून पिचकारी काढली आणि पानावर पाणी मारलं. जांबोटीत, भर आषाढात, पानावर पाणी मारणारा माणूस मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पावसाचे थेंब म्हणे हव्या त्या जागी पडलेले नव्हते.

ओल्या पानावर आभाळाची पांढरी चकाकी येते आणि हिरवा रंग मरतो. लेन्सवर पोलरायझर लावून तो हळूहळू फिरवला की चकाकी जाते, रंग आपोआप वर येतो. सरांचा पोलरायझर पिशवीच्या तळाशी होता. घरी जाऊन ते कॉम्प्युटरवर हिरवा रंग इतका चढवायचे की आमचं भात पोपटासारखं दिसायचं. धुक्याचंही तेच. पांढरं फार असलं की कॅमेरा फसतो आणि सगळं राखाडी करून टाकतो, म्हणून आपण उजेड जरा वाढवून घ्यायचा असतो. सर तो वाढवायचे नाहीत आणि त्या राखाडीला ‘मूड’ म्हणायचे. एक मंत्र मात्र ते सारखा घोकायचे. फ्रेम रिकामी ठेवा, माणूस एकच असू द्या, बाकी सगळं मोकळं. शिबिरातली मंडळी माना डोलवायची. मी पुन्हा त्या वाटेला गेले नाही.

सर मात्र शिबिरात पाहिलेल्या आमच्या गावाला पुन्हा गेले, आणि नेमके मंगळवारी. आषाढात आमच्याकडे मंगळवार पाळतात. त्या दिवशी कुणी शेतात उतरत नाही, बैलांच्या मानेवर जू ठेवत नाही. भाताची लावणी कितीही अडलेली असो, अख्खं गाव घरात बसतं. सर भिजत आमच्या दारात उभे राहिले. माझ्या थोरल्या भावाने, अण्णाने, त्यांना चहा दिला. सर म्हणाले, काम नको, नुसतं बैल घेऊन चिखलात उभं राहा. दारात आलेल्या पाव्हण्याला नाही म्हणणं अण्णाच्या रक्तात नाही. नुसतं उभं राहिलं तर वार मोडत नसेल, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि बैलांना जू लावलं.

हे मला कळलं ते हिवाळ्यात, बेळगावातल्या प्रदर्शनात. सरांनी अण्णाला आमंत्रण दिलं होतं. पांढरं धोतर नेसून, नवी टोपी घालून तो कौतुकाने माझ्याबरोबर आला. फोटो दारासमोरच टांगला होता. पुढे चिखलात अण्णा आणि बैलजोडी, मागे धुक्यात चढत गेलेले वाफेच वाफे, आणि त्यांत एक माणूस नाही.

अण्णाचा चेहरा उतरला. लावणी पावसातच होते, पाऊस आहे म्हणून त्या दिवसांत कुणी घरी बसत नाही. तेव्हा शिवार रिकामं दिसतं ते फक्त मंगळवारी, हे आमच्या गावातल्या कुणालाही दुरून कळेल. आणि गावातली निम्मी माणसं आता बेळगावात नोकरीला आहेत. गावच्या यात्रेत देवापुढे सगळ्यांच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान आमच्या घरात आहे; एकाने मागणं म्हणायचं, बाकी गावाने होकार भरायचा. वडिलांमागून तो अण्णाकडे आला. वार मोडणाऱ्याला गाऱ्हाणं घालता येत नाही.

मी सरांना बाजूला घेऊन फोटो उतरवायला सांगितलं. कारणही सांगितलं. ते हसले. म्हणाले, याला बक्षीस मिळालंय मॅडम, उतरवता येणार नाही. मग माझा चेहरा पाहून औदार्याने म्हणाले,

‘मागच्या वाफ्यांत लावणी करणाऱ्या चार बायका टाकतो की. आजच नवी प्रिंट लावतो. कुणाला काही कळणार नाही.’

राग याचा येतो की क्षणभर मला हायसं वाटलं. ज्या माणसाच्या खोटेपणाची मी आजवर टिंगल केली, त्याच्याकडूनच खोटं करून घ्यायला मी तयार झाले होते. अण्णा कधी जवळ येऊन उभा राहिला ते कळलं नाही.

‘नगं सर,’ तो म्हणाला. ‘माझ्यापायी समद्या गावाला मंगळवारी शेतात उतरवू नगासा.’

बाहेर आल्यावर मी त्याच्याशी भांडले. चार बायका टाकल्या असत्या तर काय बिघडलं असतं, कोण एवढं बघणार आहे, कुणाला आठवणार आहे, असं बरंच बोलले. बस आली तशी त्याने टोपी सारखी केली.

‘हाय त्या फोटूत खोटं काय हाय गं?’ तो म्हणाला. ‘मी उतरलोच की.’

गावात गेल्यावर फोटोची बातमी पोचायच्या आत त्याने देवळात पंचांना सगळं स्वतः सांगितलं. सर तो फोटो दाखवून अजूनही शिबिरात शिकवतात, रिकाम्या जागेचा उत्तम नमुना म्हणून. त्या रिकाम्या जागेमागे आमचं अख्खं गाव घरात बसलं होतं, हे त्यांना मी सांगूनही कळलेलं नाही, आणि पुन्हा सांगायची माझी इच्छा नाही.

यंदाच्या यात्रेत गाऱ्हाणं दुसऱ्या घरच्या माणसाने घातलं. त्याला सवय नव्हती, दोनदा अडखळला. गावाचं, गुराढोरांचं, पिकापाण्याचं रक्षण कर म्हणाला. अण्णा पार मागे, चपलांच्या ढिगाजवळ, टोपी हातात घेऊन उभा होता. पुढचे शब्द त्याच्या ओठांवर आधीच येत होते, ते मला दिसत होतं. ते त्याने गिळले आणि गर्दीबरोबर मोठ्याने म्हणाला,

‘व्हय म्हाराजा.’