खंडेनवमीचा पाय

"सायबाम्होरं लंगडत गेलो, तर पलटणीचं नाक जाईल की गं," अनगोळचा भरमू एकदा बायकोला म्हणाला होता.

पलटणीचं नाक फार नाजूक. ते शाबूत राहावं म्हणून पहिल्या महायुद्धात भरमू आपला उजवा पाय गुडघ्याखाली तोडून इराकात बसऱ्याकडंच ठेवून आला होता. त्याबद्दल पेन्शन द्यायची की नाही, हे आता बेळगावच्या छावणीतला गोरा डॉक्टर ठरवणार होता. भरमूला औत धरवत नव्हतं. पेन्शन हुकली तर गुणाबाईला दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जावं लागणार होतं.

आण्णाप्पा सुतारानं बाभळीचा पाय करून दिला होता. परसात फेऱ्या मारमारून भरमूनं त्यावर अशी चाल बसवली, की बघणाऱ्यानं फसावं. खंडेनवमीला गुणाबाईनं विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पूजेला मांडला आणि शेजारी पायही मांडला. घरात जे राबतं त्याला हळदकुंकू. एकट्या पायाला वगळून कसं चालेल?

दसरा झाला आणि बोलावणं आलं.

"अवो, आज तरी जरा लंगडा."

"गप गं. भीक मागाय चाललोय व्हय?"

छावणीत भरमूनं टाच आपटून सलाम ठोकला. लाकडी टाच, आवाज झकास आला. डॉक्टरसाहेब खूश झाला. मग त्याला पायावरचं कुंकू दिसलं.

"हे काय रे?" कारकुनानं विचारलं.

"खंडेनवमीची पूजा, रावसाहेब. राबत्या हत्याराची."

कारकुनानं ते इमानेइतबारे इंग्रजीत सांगितलं. साहेबानं मान डोलावली. सरकारला पुरावा लागतो. इथं तर अर्जदारच तो कुंकू लावून घेऊन आला होता.

"साहेब म्हणतात, पाय राबतो असं तूच सांगतोस. मग पेन्शन कशाची?"

"औत न्हाय धरवत, सायेब."

"म्हणजे पूजा खोटी?"

गुणाबाईची पूजा खोटी म्हणायला भरमूची जीभ उचलेना.

साहेब पुन्हा काही बोलला. कारकून कागदाआडून पुटपुटला, "परत एकदा चालून दाखव म्हणतात. शेवटची संधी हाय. थोडं लंगड रं बाबा, कुणाचं काय जातंय?"

भरमूनं टोपी सारखी केली. छाती काढली. टाचेवर गर्रकन वळला आणि कवायतीच्या मैदानावर चालावं तसा ताठ, एका तालात, टेबलासमोरून, कारकुनासमोरून, उघड्या दारातून चालत गेला. व्हरांड्यातही लंगडला नाही.