लाटण्यासकट गेलेला काकाकुवा

त्या गुन्ह्याची आठवण झाली की आजही माझा उजवा कान हुळहुळतो. कान का, ते पुढे येईलच. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं, नेमणूक मुरबाड भागात होती, आणि कुठलंही लचांड मागे न लावता पेन्शनीत जाऊन बसावं एवढीच माझी महत्त्वाकांक्षा होती.

सकाळची हजेरी संपत होती तेव्हा सत्तरीचे एक आजोबा ठाण्यात आले. पूर्वी बोटीवर स्वयंपाकी होते. नोकरी सोडली तेव्हा मुंबईतून त्यांनी एक काकाकुवा घरी आणला, पांढराशुभ्र, डोक्यावर पिवळा तुरा, नाव कॅप्टन. आदल्या दिवशी ते बँकेत गेले असताना हा कॅप्टन पिंजऱ्यातून नाहीसा झाला होता.

ठाणे अंमलदार म्हणाला, "आजोबा, पोपट गेला तर दुसरा घ्या की."

"पोपट नाय, काकाकुवा. आणि तुमचं पोर हरवलं तर तुमी दुसरं घेता काय?" अंमलदाराने पेन उघडलं. आजोबा माझ्याकडे वळले. "साहेब, म्हातारी गेल्यापासून तो माझ्या हातचंच खातो. जास्त दिवस उपाशी राहिला तर मरंल."

अज्ञात चोराविरुद्ध गुन्हा दाखल केला आणि घटनास्थळाचा पंचनामा करायला मी स्वतः गेलो. पिंजरा आजोबांच्या खाटेच्या उशाशी होता. कडी शाबूत, पाण्याची वाटी भरलेली. आजोबा दर दोन ओळींनी खोकत होते आणि माझ्या खांद्यावरून वाकून लिहिलेलं तपासत होते.

"लाटणं लिवलं काय?"

"कसलं लाटणं?"

"म्हातारीचं. कॅप्टन दिवसभर कुरतडतो. लाकूड नाय दिलं तर चोच वाढते आणि मग तो खिडकीची चौकट खातो. ते पण गेलंय."

म्हाताऱ्याचं समाधान म्हणून मी लिहिलं, 'अर्धवट कुरतडलेले लाटणे, नग एक, मिळून आले नाही.' पंचांनी गंभीर चेहऱ्याने सह्या केल्या.

जवळच्या म्हसा गावची जत्रा चालू होती. तिसऱ्या दिवशी आमच्या खबऱ्याचा फोन आला. "साहेब, बैलबाजाराच्या कडेला एक इसम पांढरा पक्षी घेऊन बसलाय. मोठा आहे." मी दोन शिपाई पाठवले. दोन तासांनी ते आले, सोबत एक संतापलेला कोंबडीवाला आणि त्याच्या काखेत एक पांढरी टर्की.

"अरे, तुरा कुठे आहे हिला?"

"तुरा नाय साहेब, पण गळ्याला लोंबतंय की कायतरी."

कोंबडीवाल्याची माफी मागून, चहा पाजून त्याला सरकारी गाडीने परत सोडलं. टर्कीने मुद्देमाल खोलीच्या दारात जे करून ठेवलं, ते कुणी पुसायचं यावर दुपारपर्यंत वाद चालला.

आजोबा मात्र रोज यायचे. हातात डबा, डब्यात भिजवलेले हरभरे आणि गाजराचे तुकडे. "सापडला तर भुकेला असंल," म्हणून बाकावर बसून राहायचे आणि संध्याकाळी डबा तसाच परत न्यायचे. तो डबा बघून मला जेवण जाईना, आणि जेवण जात नाही म्हणून घरी चिडचिड.

चौथ्या दिवशी चपात्या लाटणाऱ्या बायकोसमोर मी हे सगळं ओकून टाकलं. तिने लाटणं थांबवलं आणि ते माझ्यासमोर धरलं.

"चोर पक्षी नेईल. कुरतडलेलं लाटणं कशाला नेईल? ज्याने नेलं त्याला पक्ष्याची काळजी होती."

बत्तीस वर्षं तपास केलेल्या माणसाने आणखी एक चपाती मागितली.

सकाळी आजोबांच्या मुलाला बोलावलं. वडिलांजवळच राहायचा, कल्याणला नोकरीला होता. आतल्या माणसाची चौकशी करताना मी आवाज चढवत नाही. चहा देतो आणि एकच प्रश्न विचारतो.

"लाटणं कुठे ठेवलंस?"

त्याने कप बशीत ठेवला. "उंबरमाळीला, मेव्हण्याकडं. कॅप्टन पण तिथंच आहे." मग एकदम बोलायला लागला. "त्याच्या पिसांतून पिठासारखी भुकटी पडते साहेब. बाबांच्या छातीत घरघर वाढलीय. डॉक्टर म्हणाले, पक्षी हलवा, नायतर दम कायमचा लागंल. तीनदा सांगितलं. बाबा त्यालाच म्हणतात, कॅप्टन, हा आपली ताटातूट करतोय बघ. मी काय करू?"

मला चोर हवा होता. मिळाला तो बापाच्या फुप्फुसांची काळजी करणारा मुलगा. असल्या आरोपीवर नीट रागावताही येत नाही.

उंबरमाळीला मेव्हणा अंगणातच हात जोडून उभा होता. "घेऊन जा साहेब. नीट खात नाय, आणि सांज-सकाळ असा किंचाळतो की कोंबड्या अंडी देईनात." कॅप्टन एका काठीवर बसला होता. छातीवर पिसं नव्हती. ती त्याने स्वतःच एकेक करून उपटली होती. लाटणं खाली पडलेलं, त्याला नव्याने चोचही लावलेली नाही. मला दया आली आणि मी त्याला खांद्यावर घेतलं. जीपमध्ये बसेपर्यंत त्याने चोचीने माझा उजवा कान फोडला.

ठाण्यात आजोबा बाकावरच होते. त्यांनी आधी छाती बघितली, मग मुलाकडे.

"पिसं कुणी काढली याची?"

"त्यानेच, बाबा."

आजोबांनी डबा उघडला. कॅप्टन माझ्या खांद्यावरून थेट त्यांच्या हातावर गेला, तुरा पाडून मान पुढे केली आणि हरभरा उचलला. आजोबा खोकले.

"आजोबा, मुलावर कारवाई करायची?" मी कानाला रुमाल लावून विचारलं.

"कशाची? चोरी झालीच नाय." मग मुलाला म्हणाले, "पिंजरा पडवीत ठेव. बोटीवर होतो तेव्हा पिंपातल्या कोळशाची भुकटी उडू नये म्हणून आमी पाणी शिंपडायचो. याला पण रोज पाण्याचा फवारा देत जा, पिंजरा तूच पूस, मी नाकाला फडकं बांधून हरभरे देईन. आणि तुझ्या हातून खायला शिकव त्याला. हा अजून तीस वर्षं जगंल. मी नाय जगणार."

गुन्ह्यात 'क' समरी पाठवली. म्हणजे फिर्याद खरी नाही आणि खोटीही नाही, गैरसमजातून दिलेली. त्यापूर्वी हा शेरा मी अनेकदा मारला होता, पण तो इतका नेमका कधी बसला नव्हता. घरातली चोरी असली की आधी काय गेलं ते विचारू नये, सोबत काय नेलं ते विचारावं, हे मी या गुन्ह्यात शिकलो. शिकवलं बायकोने, म्हणून ते ती आजही ऐकवते.

मध्यंतरी त्या मुलाचा फोन आला. आजोबांची घरघर बरीच उतरली होती.

"पण साहेब, कॅप्टन आता माझ्याच हातचं खातो. बाबांनी दिलं तर तोंड फिरवतो. बायको-पोरं चार दिवस लग्नाला गेली, मी घरीच. हा अजून किती वर्षं जगंल म्हणाले होते बाबा?"

मी कान चोळत म्हटलं, "तीस. आणि एक नवं लाटणं घेऊन ठेव."