कलरकाका आणि ओला पंचा

परतूरच्या बाजारात फोटो काढायला येणाऱ्याच्या हातात कलरकाका आधी ओला पंचा द्यायचे. तोंडावरची पावडर पुसल्याशिवाय ते कॅमेऱ्याला हात लावत नसत. नवरदेव असो की पुढारी. एकदा एक पुढारी फणफणत उठून गेला, तर काका निवांत चहा पीत बसले.

रंगीत सिनेमा नवा होता तेव्हा ते मुंबईत एका कॅमेरामनच्या हाताखाली होते. नटीला गोरी करायचे दिवे तुमचे तुम्हीच लावा, असं साहेबांना सुनावून गावी परतले म्हणे. तालुक्यात पहिला रंगीत रोल त्यांनीच आणला. तो धुवायला मुंबईला जायचा, फोटो पंधरा दिवसांनी मिळायचा. "काळ्यापांढऱ्यात रंग कळत नव्हता, तवा खपून गेलं," ते म्हणायचे. "आता रंग आलाय, तर खरा दाखवा की."

मी सावळी नाही, चांगली काळी. शाळेत शिकवत होते, तरी नानांना, माझ्या वडिलांना, माझ्या लग्नाचा घोर लागलेला. स्थळांना पाठवायला काकांकडे फोटो काढला. तो बघून नानांचं तोंड उतरलं. थोडं उजळ करून द्या म्हणाले.

"पोरगी काळी हाय अन् देखणी हाय," काका म्हणाले. "दोन्ही बराबर आलंय. मंग उजळ काय करू?"

नाना तणतणत दुसऱ्या दुकानात गेले. तिथल्याने ब्रश फिरवून मला गुलाबी करून दिलं.

त्या फोटोवर बदनापूरचे पाहुणे आले. मी पोहे दिले, समोर बसले, तरी मुलाची आई आतल्या दाराकडेच बघत होती. मला थोरली बहीण समजून शेवटी म्हणाली, आता मुलीला बोलवा. मी म्हटलं, मीच ती. पोहे तसेच ठेवून मंडळी उठली. नाना मान खाली घालून बसले. मला रडू नाही आलं, संताप आला. इतका की मी तडक काकांचं दुकान गाठलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी भर दुपारी मुंबईहून आणलेला सिनेमाचा छोटा कॅमेरा घेऊन शाळेत हजर. तीन मिनिटांचं एकच रंगीत रीळ त्यांनी जपून ठेवलं होतं, ते माझ्यावर उधळलं. पटांगणातल्या उन्हात मी फळ्यावर लिहितेय, पोरांना दटावतेय, हसतेय. शेवटी थोडं रीळ उरलं, तर कॅमेरा माझ्या हातात देऊन म्हणाले, आता मला काढ. खांद्यावर पंचा, रंग माझ्याहून काळा, आणि हसू तोंडभर.

रीळ मुंबईहून धुऊन आलं, तसं मी नानांना बजावलं, यापुढे फोटो जाणार नाही. ज्याला मुलगी बघायची त्याने स्टुडिओत येऊन रीळ बघावं. अशानं जन्मभर घरात बसशील, नाना म्हणाले. बसेन, मी म्हटलं. दोन स्थळं फिरकलीच नाहीत. मग वाटूरचे एक शिक्षक आले. पडद्यावरची तीन मिनिटं संपली, तसं त्यांनी काकांना विचारलं, "पुन्हा एकदा लावता का?"

लग्नात काकांनी ते रीळ डब्यासकट मला देऊन टाकलं.

काका गेले तेव्हा माझी मुलगी कॉलेजात होती. मी भेटायला गेले. स्टुडिओ आता त्यांचा मुलगा चालवत होता, सगळं काम कॉम्प्युटरवर. भिंतीवर हार घातलेला मोठा फोटो. जवळ जाऊन बघते तर काका गोरेपान, गाल गुलाबी. माझं डोकंच फिरलं. मुलगा ओशाळून म्हणाला, "ताई, लोकायला असंच लागतंय. सवयीनं हात चालला."

"आधी तो उतरव," मी म्हटलं.

घरून डबा आणला. रिळाच्या शेवटच्या तुकड्यातून एक फोटो करून घेतला, मोठा. टांगायच्या आधी काकांचा पंचा मागून घेतला, ओला केला आणि काच स्वतः पुसली. आत काका होते. काळे, आणि हसत.