आईला घाट चढवणारी गाडी

गाडी घ्यायची हे ठरलं होतं, उंच आणि दणकट घ्यायची हेही. प्रश्न एवढाच उरला होता की डिझेलची की हायब्रीड. आमच्या घरात यावर जितकी चर्चा झाली, तितकी माझ्या लग्नाच्या वेळीही झाली नसेल.

माझे मिस्टर डिझेलच्या बाजूचे. वडनेर भोलजीजवळच्या आमच्या गावी शेती करणारा माझा धाकटा भाऊ तर हायब्रीडचं नावही काढू देत नव्हता.

"ताई, हे बिघडली त कोन पाहीन? गॅरेजवाले चाचा हातबी लावणार नाईत. अन् डिक्की पाय, अर्धी बॅटरीनंच खाल्ली. कापसाचं एक गाठोडं तरी बसन काय?"

"गाडीत कापूस कशाला भरतोस?"

"मंग येवढी उंच गाडी कशाले घेऊन राह्यली? मास्तरीनबाई, शाळेत मिरवाले?"

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. माझं कारण मात्र वेगळं होतं. आईला गाडी लागते. बुलढाण्याला घर बांधून आम्हाला तीन वर्षं झाली होती, आणि आईने ते फक्त मोबाइलवरच्या फोटोंत पाहिलं होतं. वास्तुशांतीला निघाली, पण मोताळ्यालाच उतरली. रस्त्याच्या कडेला बसून उलट्या केल्या. "तुमी जा, मी अठूनच हात जोडतो," म्हणाली. पुढे तर घाट होता. भाऊ तिला मोटारसायकलवर परत घेऊन गेला. आता तिच्या गुडघ्यांना तेवढं बसणंही झेपत नाही.

तिचं पहिल्यापासून असं नव्हतं. बीटी कपाशी आली तेव्हा फवारणी कमी झाली आणि गावाला हायसं वाटलं. काही वर्षांनी गुलाबी बोंडअळी आली आणि पुन्हा फवारणी सुरू झाली. भाऊ पेट्रोलवरचा पंप पाठीला लावून फवारायचा, आई पाणी आणून द्यायची. एका संध्याकाळी तिला फवारणीची बाधा झाली आणि ती शेतातच चक्कर येऊन पडली. एका जुन्या डिझेल जीपमध्ये आडवी टाकून तिला खामगावला नेलं. ती बरी झाली. पण तेव्हापासून गाडीत बसलं, डिझेलचा तो वास आला आणि सीट थरथरायला लागली की तिचं पोट ढवळून येतं.

आमच्या घराण्यात मी पहिली पदवीधर. मलकापूरच्या कॉलेजात जायचे तेव्हा आई रोज फाट्यापर्यंत सोडायला यायची, एसटी दिसेनाशी झाली की मग शेतात जायची. त्या शिक्षणावर मला शिक्षिकेची नोकरी मिळाली, नोकरीमुळे घर झालं. त्या घराचा उंबरा तिने ओलांडला नाही, हे मला रोज कुलूप उघडताना टोचायचं.

म्हणून मी हट्टच धरला की दोन्ही गाड्या चालवून पाहायला शोरूममधून गावी मागवायच्या आणि आईला बसवून पाहायचं. डिझेलची गाडी आली त्या रविवारी आईने नांदुऱ्याच्या अलीकडेच काच ठोकली. "थांबवा बाप्पा." विषय तिथेच संपला.

पुढच्या रविवारी शोरूमचा मुलगा हायब्रीड घेऊन आला. मिस्टरांनी गाडी हातात घेतली. तो मुलगा त्यांच्या शेजारी बसला, मी आणि भाऊ आईला मध्ये घेऊन मागे. आई नाकाला पदर लावून वाट पाहत होती.

"काऊन व, चालू काऊन नाई करून राह्यले?"

"माय, बाहेर पाय," भाऊ म्हणाला, "लिंबाचं झाड मांगं चाल्लं."

गाडी खरंच निघाली होती, इंजिन बंद ठेवून नुसत्या बॅटरीवर. आईने पदर खाली घेतला. मला वाटलं, जिंकलो. पण मोताळ्याच्या पुढे वळणं सुरू झाली आणि तिचा चेहरा पांढरा पडत गेला. आम्ही थांबलो. तिने चूळ भरली, दगडावर बसली. आवाज नाही, वास नाही, थरथर नाही, तरी लागलीच. आता आणखी कोणती गाडी आणायची?

शोरूमचा मुलगा हळूच म्हणाला, "मागे जास्त लागते हो मॅडम. आजींना पुढे बसवून पाहा ना. समोरचा रस्ता दिसला की बरं वाटतं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आई आयुष्यात कधी पुढे बसलीच नव्हती. पुढची जागा पुरुषांची. पाहुणे असोत, जावई असो, बाया मागे.

मिस्टर म्हणाले, "आई, या, पुढे बसा."

आईने डोक्यावरून पदर ओढला. "अव्वा! जवायाच्या बाजूनं? लोक काय म्हनतीन?"

"मग मी मागे बसतो. तुमची पोरगी चालवेल."

लायसन्स माझ्याकडे होतं, पण याच राजूर घाटात एकदा गिअरची गाडी मागे घसरली होती. तेव्हापासून मी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. आमच्या बजेटमधली डिझेलची गाडी गिअरचीच होती. या गाडीला मात्र क्लचच नव्हता. मी बसले. आई माझ्या शेजारी बसली. मागे तिन्ही पुरुष खांद्याला खांदा लावून कोंबले गेले.

"ताई, माह्यं लगन व्हाचं हाये अजून, जरा सांभायून," भाऊ ओरडला.

"तू गुमान बस," आई म्हणाली. "थे बराबर नेते."

चढावर इंजिन जागं झालं आणि चांगलंच घरघरलं. आई दोन्ही हातांनी सीट धरून समोरच्या रस्त्याकडे बघत होती. मला वळण दिसायच्या आधी ती सांगायची, "उजवीकडं हाये व." एका वळणावर थांबावं लागलं. आई पाणी प्यायली आणि स्वतःच म्हणाली, "चाल."

नंतर आम्ही हायब्रीडच घेतली. भाऊ अजून डिक्कीवरून बोलतो. आईला नेमकं कशाने बरं वाटलं, गाडी शांत होती म्हणून, की ती पुढे बसली म्हणून, मला आजही सांगता येत नाही. शोरूमचा मुलगा सगळं श्रेय गाडीला देतो.

त्या दिवशी बुलढाण्याच्या घरी पोचल्यावर आईने प्रत्येक खोलीत जाऊन भिंतीला हात लावून पाहिला. चहा घेतला. मग गच्चीवर गेली आणि बराच वेळ घाटाच्या दिशेने बघत राहिली. मला वाटलं, परतीच्या वाटेची धास्ती वाटत असेल.

ती म्हणाली, "लोनारचं तळं अठून किती दूर हाये व? एवढं नाव आयकलं, पायलं नाई कदी."