एक चांद, दोन भरत्या

आज करंजाडेच्या दुकानात खडेमिठाचं पोतं उघडलं आणि त्या ओलसर वासाने मी वीस वर्षं मागे, गव्हाणच्या मिठागरात गेलो. मी इंजिनिअरिंगला होतो. खाडीचं पाणी आत घ्यायला बांधाची फळी उचलत बाबा म्हणाले, "चांद येक, मंग भरती दिसात दोनदा कशी? मना वाटतं, चांद धरतीलाच वढतो, न् पल्याडचं पानी मागं पडतं."

मी हसलो. "बाबा, तुमी मीठ बगा. फिजिक्स माज्यावर सोडा."

"बरं, सायेब."

नंतर त्यांनी मला काही विचारलंच नाही. दोन वर्षांनी ते गणित मला समजलं, तेव्हा बाबांचा अंदाज जवळपास बरोबर निघाला. ते ओटीवरच बसले होते. लाजेने मी सांगितलं नाही. आता बाबा नाहीत; त्यांचा एखादा साफ चुकलेला अंदाज ऐकायलाही जीव तळमळतो.