स्क्रीनवरचा चार

साळवे मॅडमशी माझी पहिली भेट म्हणजे बोलणी खाणंच होतं. चिकलठाण्याच्या कंपनीत मी नुकतीच लागले होते. शीतगृहातलं तापमान मोजून स्क्रीनवर पाठवणारी यंत्रं आम्ही बनवायचो. मॅडमनी माझं काम बघितलं आणि विचारलं, "पासष्ट पाठवलंस. हा आकडा पासष्ट, की इंग्रजी ए? यंत्राच्या भाषेत दोघांचा बाइट एकच असतो." मग खुर्ची ओढून त्यांनी समजावलं. प्रत्येक माहितीच्या आधी टॅग लावायचा. पुढं तापमान येतंय, वेळ येतेय की मजकूर, हे टॅग सांगतो. मग लांबी, मग माहिती. टॅग अनोळखी असला तर वाचणारा लांबी बघून तेवढं सोडून पुढं जातो, घोटाळा होत नाही.

"माणसाला जात विचारायची नाय," त्या म्हणायच्या, "पण बाइटला विचारल्याबिगर आत घ्यायचं नाय." यातलं पहिलं वाक्य त्यांच्या वडिलांचं. धम्म स्वीकारलेल्या घरातला तो माणूस गावात जातीवरून लई ऐकून घेत मोठा झालेला. दुसरं वाक्य मॅडमचं स्वतःचं.

आमचे मालक महेश सर. टॅगमुळं संदेश उगाच जड होतो, कोणत्या जागी काय येतं हे दोन्ही बाजूंना ठाऊकच असतं, असं म्हणून त्यांनी टॅग काढायला लावले. मॅडमनी विरोध केला. यावर सर सगळ्यांसमोर हसले आणि म्हणाले, तुमच्या लोकांना लेबलांची भारी हौस. मॅडमची कानशिलं लाल झाली.

पुढं यंत्राची नवी आवृत्ती निघाली आणि त्यात तापमानाच्या आधी बॅटरीचा आकडा जाऊ लागला. जुन्या स्क्रीनला त्याचा पत्ता नव्हता. जनावरांच्या लसींच्या एका गोदामात शीतयंत्र बंद पडलं, लसी तापत राहिल्या, आणि स्क्रीनवर दिवसभर चार अंश दिसत राहिले. ते चार बॅटरीचे व्होल्ट होते. सर गिऱ्हाइकाकडं गेले आणि हे काम साळवे मॅडमचं असल्याचं सांगून आले. संध्याकाळी मॅडमना काढून टाकलं. डबा पिशवीत भरताना त्या मला म्हणाल्या, "ह्याचं उत्तर त्याच्या तोंडून घेणार मी. घाई नाय मला."

त्यांनी खरंच घाई केली नाही. औषधांच्या एका मोठ्या कंपनीत त्या यंत्रं तपासायच्या कामाला लागल्या. तिथल्या तपासणीचे नियम त्यांनीच घडवले आणि वाट बघत बसल्या. काही वर्षांनी त्या कंपनीला यंत्रं विकायला महेश सर आलेच. यंत्र घेऊन मी सोबत होते; टॅग त्यात अजूनही नव्हते. मॅडमना समोर बघून सरांचा चेहरा उतरला.

मॅडमनी शांतपणे आमचीच जुनी स्क्रीन जोडली. नव्या यंत्राचा सेन्सर वाफाळत्या चहाच्या ग्लासात सोडला. स्क्रीनवर चार.

"सर, हा चार कशाचा?"

खोलीत त्या कंपनीचे सगळे अधिकारी बसले होते. सर म्हणाले, "बॅटरीचा."

"लसी खराब झाल्या तेव्हा पण हाच होता. तेव्हा नाव कुणाचं सांगितलं?"

"तुमचं."

"आन् टॅग काढायला कुणी लावले?"

"मी," सर खाली बघत म्हणाले.

मॅडमनी यंत्र नापास केलं. बाहेर आल्यावर मी विचारलं, आता मन हलकं झालं का. त्या म्हणाल्या, "अजून नाय. दुरुस्त करून आणायला सांगितलंय. पुन्हा माझ्याच टेबलावर येणार ना तो."

सर आले. या वेळी प्रत्येक माहितीच्या आधी टॅग होता. मॅडमनी दिवसभर यंत्राला छळलं, सरांना उभं ठेवलं. चूक सापडली नाही. शेवटी मॅडमनी स्वतः वरिष्ठांना फोन करून यंत्र चांगलं असल्याचं कळवलं. सरांनी हात जोडले, जुनं विसरून जा म्हणाले.

मॅडमनी मान वर केली नाही.

"यंत्र पास झालंय," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाय."