मासवडी आणि वादळाचा माथा

मी परदेशी निघाले त्या सकाळी पिंपरी पेंढारच्या फाट्यावर माझा फ्लेक्स लागला होता. त्यावर मी ‘अंतराळकन्या’ होते आणि शुभेच्छुकांचे फोटो माझ्याहून मोठे होते. अंतराळ नाही हो, त्याच्या बरंच खाली, असं मी सांगून पाहिलं. पण हार घेऊन आलेल्या माणसाला तपशील आवडत नाहीत. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एवढंच विचारलं, “वर जाऊन करायचं काय?”

“वादळाच्या माथ्यावरची हवा गोळा करायची.”

“हवा इथं नाय व्हय?” म्हणत त्यांनी माझी बॅग जीपमध्ये टाकली.

आता मी परदेशात संशोधनाचं विमान उडवते. प्रवासी विमानांच्या जवळपास दुप्पट उंचीवर, हवाबंद सुटात, एकटी. तिथे कॉकपिटमध्येही हवेचा दाब कमी असतो आणि पोटातला वायू फुगतो, म्हणून उड्डाणाआधी कडधान्यं बंद.

आई पहिल्यांदा इकडे आली, तेव्हा उड्डाणाच्या आदल्या संध्याकाळी तिनं मासवडी केली. “लई वाळलीस, खा गपगुमान.” मी खाल्ली. मटकी, राजमा, हरभरा मी नेमानं टाळायचे. पण मासवडीचं बेसन म्हणजे हरभऱ्याचीच डाळ, हे डोक्यातच आलं नाही. आमच्याकडे मासवडी कडधान्यात धरत नाहीत, पाहुणचारात धरतात.

वर पोचले आणि पोटात कळ उठली. खाली वादळाचा पांढराफेक माथा. त्या उंचीवर वेग जरा घटला तर विमान कोसळतं, जरा वाढला तर मोडतं. कळ आली की हाताला झटका बसायचा, वेगाचा काटा हलायचा. हवेचे नमुने अर्धेही गोळा झाले नव्हते, आणि पोटदुखीनं परतलेल्या वैमानिकाला डॉक्टर पुन्हा वर सोडतील याची खात्री नव्हती. घाम डोळ्यांत उतरत होता. हेल्मेटमध्ये तो पुसता येत नाही. पुढच्या कळेला डोळ्यांपुढे अंधारी आली. मग मात्र मी रेडिओवर सांगितलं, “पोट दुखतंय. परत येतेय.”

उतरणंही घाईनं जमत नाही. दात आवळून, काट्यावर नजर रोवून मी विमान खाली आणत राहिले. हळूहळू पोट सैल झालं. हवाबंद सुटातल्या त्या सुटकेचं वर्णन मी अहवालात केलेलं नाही.

डॉक्टरांनी काही आठवडे जमिनीवर ठेवलं, मग सोडलं. आई आधी रडली, मग चिडली. “मला सांगायचं ना, बया! त्या डॉक्टरला इचारून रांधलं असतं.”

यंदा सुट्टीत गावी गेले. सगळ्यांच्या ताटात मासवडी आणि रस्सा, माझ्या ताटात उकडलेली अंडी आणि मऊ भात. अण्णांनी हळूच एक वडी माझ्याकडे सरकवली. आईनं ती उचलून परत त्यांच्या ताटात ठेवली.

“आई, मी इथं जमिनीवर आहे.”

“असशील. मला नाय वाटत तसं. खा.”

मी अंडं खाल्लं. घरी आलं की आपण उतरतो, असं मी समजत होते. तिच्या लेखी मी त्या दिवसापासून वरच आहे.